बेटावरचे गाव टिकते कशाने?

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने भरलेल्या ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सभेतील भाषण)



देवळाचे काम पुरे झाले, कळस चढला. अशा शुभप्रसंगी गावासाठी आणखी काही करावे असे पुष्कळांच्या मनात येते. कोणी म्हणतो, गावी जागा घेऊन घर बांधावे. कोणी म्हणतो, पाहुण्यांसाठी खोल्या काढाव्यात, म्हणजे चार पैसे सुटतील. हेतू चांगलेच आहेत. परंतु गावात पैसा घालणे आणि गाव उभे राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हे ध्यानात यावे म्हणून एका दूरच्या बेटाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोर एग नावाचे लहानसे बेट आहे. लांबी सुमारे नऊ किलोमीटर, रुंदी सुमारे पाच. दक्षिणेकडे स्गूर नावाचा ३९३ मीटर उंचीचा उभा कातळ आहे. मॅलेग बंदरातून बोटीने तेथे जावे लागते, आणि समुद्र खवळला की बोट येत नाही. दर्यावर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बेटावर पाचशेच्या आसपास वस्ती होती. पण संपूर्ण बेटाची जमीन एकाच मालकाची. बाकी सारी कुळे. आपल्याकडील जुना खोत डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे कल्पना येईल. १८५३ साली ग्रूलिन नावाच्या वाडीतील चौदा कुटुंबांना उठविण्यात आले आणि ते रान मेंढ्यांना दिले गेले. त्यांतील बहुतेक कुटुंबे समुद्रापार कॅनडात गेली. त्या घरांच्या पडक्या भिंती अजूनही तेथे उभ्या आहेत.

पुढे मालक बदलत गेले. बेट एकाने विकावे, दुसऱ्याने घ्यावे. तेथे राहणाऱ्यांना विचारलेच पाहिजे असे बंधन मालकावर नव्हते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बेट विकत घेणारे बहुतेक धनवान होते, पैशाची वाण नव्हती. वाण होती ती राहणाऱ्यांच्या हक्काची. अनेकांपाशी घराचा वा जमिनीचा पक्का लेखी भाडेपट्टा नव्हता. उद्या येथे राहू की नाही याची खात्री नसेल, तर छप्पर कोण दुरुस्त करील आणि झाड कोण लावील? अशा रीतीने वस्ती घटत घटत पासष्टाच्या घरात आली.

तेव्हा राहणाऱ्यांनीच बेट विकत घेण्याचे ठरविले. रहिवाशांची संस्था, तेथील प्रादेशिक परिषद आणि निसर्गरक्षण करणारी एक संस्था यांनी मिळून विश्वस्त निधी उभारला. हजारो लोकांनी लहानमोठ्या रकमा पाठविल्या. १२ जून १९९७ रोजी सुमारे पंधरा लाख पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळजवळ नऊ कोटी रुपयांना, बेट विश्वस्तांच्या नावे झाले. या रकमेचा फार मोठा भाग एका स्त्रीने दिला, आणि तिने आपले नाव जाहीर होऊ दिले नाही. तिच्या नावाची फरशी तेथे कोठे बसविलेली नाही. पैसा दिला आणि कारभार राहणाऱ्यांवर सोपविला. देणगीदार सज्जनांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

कारभार हाती आल्यावर त्यांनी काय केले? आधी घरांचे आणि शेतांचे लेखी, टिकाऊ भाडेपट्टे करून दिले. १९९८ साली धक्क्याजवळ एक इमारत बांधली आणि तीत दुकान, टपाल कचेरी व चहापाण्याची जागा एकत्र आणली. पूर्वी मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे. माणसे व सामान छोट्या होडीत उतरवून आणावे लागे. २००४ पासून नव्या धक्क्याला मोठी बोट लागू लागली.

विजेची कथा तर ऐकण्यासारखी आहे. मुख्य भूमीवरून तार आणणे परवडणारे नव्हते. घरोघरी डिझेलची यंत्रे धडधडत. फेब्रुवारी २००८ मध्ये बेटाने ओढ्याचे पाणी, वारा आणि ऊन यांपासून स्वतःची वीज सुरू केली; डिझेल केवळ अडीअडचणीला ठेवले. त्यासोबत एक नियम केला. कोणत्याही घराने एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त वीज ओढावयाची नाही. घर लहान असो वा मोठे, मर्यादा सर्वांना सारखीच. ओढली तर त्या घराची वीज आपोआप तुटते, आणि ती पुन्हा जोडून घेण्यासाठी दंड भरावा लागतो. एकाची हाव दुसऱ्याच्या घरी अंधार करणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पाहुणेही येतात. त्यांना आपली मोटार बेटावर आणता येत नाही. पायी किंवा सायकलने फिरावे लागते. राहण्याच्या खोल्या, खानावळ, सायकली यांतून बेटावरच्या माणसांना रोजगार मिळतो. मात्र तेथे सारे सुखच आहे असे कोणी समजू नये. प्राथमिक शाळेनंतर मुलांना मॅलेगला वसतिगृहात ठेवावे लागते. हिवाळ्यात वादळे होतात. एकेका माणसाला तीन-तीन कामे करून पोट भरावे लागते. तरीही पासष्टावर आलेली वस्ती आज शंभराच्या वर गेली आहे. बाहेर गेलेली मुले परत येऊन संसार थाटू लागली आहेत. २००३ साली स्कॉटलंडने कायदा करून ग्रामीण वस्त्यांना आपली जमीन विकत घेण्याचा अग्रहक्क दिला. अशा बेटांच्या खटपटीचा त्यात वाटा आहे.

आता आपल्याकडे पाहू. ज्या हक्कासाठी एगच्या लोकांना १९९७ पर्यंत थांबावे लागले, तो आपल्याकडे खोती निर्मूलनाच्या १९४९ च्या कायद्याने आणि कुळकायद्याने पुष्कळ आधी मिळाला. १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. असे असूनही कोकणात गावोगाव घरांना कुलपे आहेत. आजोबा वारले, वडील वारले, तरी वारस नोंद नाही. सातबाऱ्यावर वीस-वीस नावे. कोणी विकत नाही, कोणी कसत नाही, कोणी दुसऱ्याला कसू देत नाही. तिकडे हक्क नव्हता म्हणून घरे पडली, इकडे हक्क असूनही पडत आहेत.

म्हणून देणगीदार व चाकरमानी बंधूंना नम्र विनंती अशी की, नवे घर बांधण्यापूर्वी जुन्या घराची वारस नोंद पुरी करावी. पडीक जमीन गावात राहणाऱ्या कष्टाळू माणसाला रीतसर लेखी कराराने कसावयास द्यावी. लेखी असले म्हणजे दोघांनाही भीती नाही. पैसा द्यावयाचा तर धक्का, पाणी, शाळा या सर्वांच्या उपयोगाच्या कामी द्यावा. त्याचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर वाचला जावा, आणि नियम मुंबईकराला व गावकऱ्याला एकच असावा.

देऊळ सर्वांनी मिळून बांधले, तसे गावही मिळूनच राखावयाचे आहे. कळस वर्षातून एकदा पाहावयास येणारे पुष्कळ असतात. देवापुढे रोज सांजवात लावणारा गावातच राहावा लागतो. त्याचे राहणे सुखाचे व्हावे, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.