गिअरबॉक्स एकदां उतरल्यावर



३० ऑक्टोबर २०२३ या दिवशीं मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीचें आयुष्य संपलें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत घडलेली ही मोटार टॅक्सी म्हणून गेली. तथापि कांहीं घरांच्या अंगणांत ती अजून जिव्हाळ्यानें सांभाळली जाते. वालीव येथें आमच्या दारीं वडिलांची अशीच एक पद्मिनी उभी आहे. तिचा गिअरबॉक्स एका वर्षाच्या आंत दोनदां उतरवावा लागला. दुसऱ्या वेळचें काम केवळ माझ्या अविचारानें ओढवलें. तो अनुभव आपणांपैकीं कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, म्हणून सांगतों.

घोडबंदरचा चढ चढतांना एंजिनाचा आवाज वाढे, पण गाडीचा वेग वाढेना. क्लच-प्लेट झिजून घसरूं लागल्याचें हें लक्षण होय. कारागिरानें प्लेट बदलली. गिअरबॉक्समध्यें बारीक घरघर होती. परंतु "इतक्यांत कांहीं होत नाहीं," असें तो म्हणाला आणि मींहि मान डोलावली. आठ महिन्यांनीं ती घरघर जात्यासारखी झाली व सबंध गिअरबॉक्स पुन्हा खालीं घ्यावा लागला. या कामांत मोठा खर्च वस्तूंचा नसून उतरविण्या-चढविण्याचा असतो. म्हणून क्लच आणि बेअरिंगें यांचा हिशेब एकाच वेळीं करावा.

आधीं कानानें परीक्षा करावी. गाडी उभी, गिअर मोकळा आणि एंजिन मंद चालू ठेवावें. पेडल वर असतांना घरघर ऐकूं येत असेल आणि पेडल दाबतांच ती थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याच्या बेअरिंगांत असण्याचा संभव अधिक. उलट, पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल, तर क्लच सोडविणाऱ्या रिलीज-बेअरिंगाकडे पाहावें.

दुसऱ्या वेळीं हें काम मीं व माझ्या पुतण्यानें घरींच केलें. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. सपाट जमिनीवर भक्कम घोड्या लावून व चाकांना अडण्या देऊन मगच खालीं शिरावें. बॅटरीची तार सोडवावी व गिअरबॉक्समधील तेल काढावें. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या जोडावर रंगाची खूण करावी. तो जसाच्या तसा परत न बसल्यास गाडी थरथरूं लागते. एंजिनाखालीं लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा आणि गिअरबॉक्स सरळ मागें ओढावा. तो मध्येंच लोंबकळला तर क्लच-प्लेट वांकते. आमच्या हातून तो एकदां निसटतां निसटतां राहिला, आणि पुतण्याचा हात नेमका खालीं होता. त्या दिवसापासून गिअरबॉक्सखालीं स्वतंत्र जॅक दिल्याशिवाय मी शेवटच्या बोल्टास पाना लावीत नाहीं.

जुन्या क्लच-प्लेटच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो. त्याची धूळ फुंकून उडवूं नये. नाक-तोंड झांकून ती ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. प्रेशर-प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करीत जावें. नवी प्लेट बसवितांना ती जुन्या दांड्यानें बरोबर मध्यावर आणावी. नाहींतर गिअरबॉक्स पुन्हा आंत शिरतच नाहीं.

बेअरिंग विकत घेतांना त्याच्या कड्यावर कोरलेला अंक वाचावा. ६२०५ असेल, तर शेवटच्या दोन अंकांची पांचपट, म्हणजे २५ मिलिमीटर, हें आंतील भोंकाचें माप झालें. स्वीडनमधील एका सूतगिरणींत काम करणाऱ्या स्वेन विंगक्विस्ट या अभियंत्यानें १९०७ सालीं, दांडा किंचित् कलला तरी आपोआप सांवरून घेणारें बॉल-बेअरिंग शोधून काढलें. गिअरबॉक्समधील साध्या बेअरिंगास ती सवलत नाहीं. तें सरळच बसलें पाहिजे. दांड्यावर चढवितांना जोर आंतल्या कड्यावर द्यावा, घरांत बसवितांना बाहेरच्या. गोळ्यांमधून जोर गेला कीं नवें बेअरिंग बसण्यापूर्वींच खराब झालें म्हणून समजावें.

हें काम हातोडीनें करण्याचा मोह मला झाला होता. परंतु वालीवमध्यें यंत्रकामाचे गाळे हांकेच्या अंतरावर आहेत. तेव्हां तो दांडा फडक्यांत गुंडाळून एका गाळ्यांत नेला आणि जुनें बेअरिंग प्रेसखालीं काढवून नवें बसवून आणलें. घरीं काम करणें याचा अर्थ सगळेंच घरीं करणें असा मुळींच नव्हे.

आतां वडील पुढच्या आसनावर बसतात आणि घोडबंदरच्या चढावर माझ्याकडे न पाहतां कान देऊन ऐकत राहतात. ज्यांच्या दारीं अशी जुनी मोटार असेल त्यांनीं तो कानाचा प्रयोग उद्यां सकाळींच करून पाहावा. त्याला दोन मिनिटें पुरतात.