बायपासनंतरचा ताप अंगावर काढू नका
(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या सोसायटीत बायपास झालेले आम्ही सहाजण आहोत. मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. पण स्वतः भोगलं आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, तेवढं सांगतो.

अमेरिकेत क्लीव्हलंड इथे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली पायाची शीर वापरून बायपास केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. आज बहुतेक पेशंट ठणठणीत घरी येतात. क्वचित मात्र एक वेगळाच त्रास उद्भवतो.

माझ्या ऑपरेशनला पाचवा आठवडा चालू होता. बारीक ताप आणि छातीत दुखणं. खोल श्वास घेतला की कळ यायची, आडवं झालं की वाढायची, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. "टाके ओढत असतील," असं येणारे-जाणारे म्हणाले. आमच्या सौ.ने मात्र ऐकलं नाही. रिक्षा बोलावली आणि थेट हॉस्पिटल गाठलं. इकोमध्ये दिसलं, की हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज असून आत पाणी साठलंय. ऑपरेशनमध्ये हे आवरण उघडावं लागतं. नंतर कधीकधी शरीराची प्रतिकारशक्तीच त्याच्यावर उलटते.

उपचार साधे निघाले. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि कोल्चिसिन, म्हणजे मूळचं गाऊटवरचं औषध. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असतं. पण ती वनस्पती जहाल विषारी आहे, घरगुती प्रयोग मुळीच नको! पाणी फार वाढलं तर हृदय दाबलं जातं, मग ते सुईने काढावं लागतं. काहींच्या बाबतीत महिन्यांनी, वर्षांनीही आवरण जाड आणि कडक होतं. पाय सुजतात, पोटात पाणी होतं, आजार लिव्हरचा वाटतो. तेव्हा ऑपरेशन करून आवरण काढतात.

म्हणून दोनच विनंत्या. बायपासनंतर ताप, दम किंवा छातीत दुखणं आलं, तर मनाने गोळ्या न घेता लगेच हॉस्पिटल गाठा. ते दुखणं अटॅकचंही असू शकतं. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी "माझी बायपास झालीय" हे पहिलं वाक्य असू द्या, मग ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत.

सुवर्णमहोत्सवाला आपण सगळे भेटूच.