हद्दीकडील खिडकी



बांधाच्या तंट्याइतकाच खिडकीचा तंटाही आपल्या परिचयाचा आहे. हद्दीलगतच्या भिंतीत कोणी खिडकी पाडली की शेजारी आपल्या जागेत भिंत चढवू लागतो. त्याची भीती अगदीच निराधार नसते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे घरात येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा उपभोग हक्क म्हणून शांततेने व अखंड २० वर्षे चालला, तर तो हक्क पक्का होतो. परंतु ‘ही खिडकी शेजाऱ्याच्या अनुमतीने आहे, हक्काने नव्हे’ असा लेखी करार आधीच केला, तर त्या उपभोगातून हक्क उपजत नाही. मग माजघरात उजेड येण्यास हरकत ती कोणती? ग्रामपंचायतीची आवश्यक ती परवानगी मात्र निराळी. शेजाऱ्याच्या संमतीने तिची गरज संपत नाही.