दोर धरणारं माणूस

आज आपण वयात येणाऱ्या मुलामुलींच्या भीतीबद्दल बोलू, आणि कडे चढण्याच्या खेळाबद्दलही. या दोन्हींचा काय संबंध, ते सांगते.

आपल्या चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कितीतरी घरांत आईबाप दोघंही कंपनीत शिफ्टला जातात. घरी दहावी-बारावीचं लेकरू. परीक्षा जवळ आली की त्याच्या पोटात दुखतं, छाती धडधडते, झोप लागत नाही. शाळेत जायचं नाही म्हणतं. आपण म्हणतो, नाटकं करतंय. पण ते दुखणं खरं असतं. मन घाबरलं की अंगही घाबरतं. आणि जे टाळावं, त्याची भीती वाढत जाते. आज शाळा बुडवली की आजच्यापुरतं बरं वाटतं, पण उद्या उंबरा ओलांडणं आणखी जड जातं.

आता खेळाकडे येऊ. त्याला प्रस्तरारोहण म्हणतात. लोणावळ्याजवळची नागफणी, तैलबैलाच्या भिंती, इथं गिर्यारोहक दोर लावून चढतात. शहरात बांधलेल्या भिंतीवरही हा खेळ होतो. टोकियोपासून तो ऑलिम्पिकमध्येही आहे. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचा ताबा खाली उभ्या साथीदाराकडे. याला बिले देणं म्हणतात.

थोडं वर गेलं की पाय लटपटतात. तेव्हा शिकवणारे सांगतात, श्वास घे, पाय ठेवायला पुढची एकच खाच शोध. पाय सुटलाच तर दोर सांभाळतो. असं चार वेळा झालं की मुलाला कळतं, भीती येते, वाढते आणि ओसरतेही. ती असतानाच एक पाऊल टाकता येतं.

जर्मनीत एर्लांगेनच्या तज्ज्ञांनी नैराश्य असलेल्या मोठ्या माणसांचे गट करून त्यांना बुटक्या भिंतीवर चढायला शिकवलं, जोडीला मनाचे उपचारही दिले. घरी नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त बरं वाटलं, असं २०२० मध्ये त्यांनी मांडलं. पण ती माणसं मोठी होती, आजारही वेगळा होता. म्हणून या खेळाला औषध समजू नका.

पाठवायचंच तर अनुभवी संस्थेकडे पाठवा. दोर, हेल्मेट, शिकवणारे आहेत ना, ते विचारा. मुलांनी आपापलं गडाच्या कड्यावर चढणं जिवावर बेतू शकतं. नको म्हणणाऱ्याला ढकलू नका. आणि मुलीला हवं असेल, तर तिलाही पाठवा.

भीती आठवडेच्या आठवडे राहिली, खाणं-झोप सुटली, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर लिहून घ्या, १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. मूल मरणाची भाषा बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.

बायांनो, बिले देणारा दुसऱ्याच्या वाटचं चढत नाही, त्याला ओढतही नाही. नजर वर ठेवून दोर सांभाळतो. कामावरून आल्यावर दहा मिनिटं लेकराजवळ बसा. मार्क विचारू नका. "आज कशाची भीती वाटली?" एवढंच विचारा आणि ऐका. उद्यासाठी एक छोटं पाऊल दोघं मिळून ठरवा, शाळेच्या फाटकापर्यंत जाण्याचं का असेना. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.