वापरलेली मोटार आणि तिचे दप्तर



तापीच्या काठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तेथे येणारे जाणते गिऱ्हाईक जनावराच्या रंगावर भुलत नाही. ते आधी तोंड उघडून दात पाहते, खूर उचलून पाहते, भोवरे न्याहाळते आणि मग चालवून पाहते. शेत घ्यावयाचे झाल्यास खानदेशातील शेतकरी सातबारा काढतो, फेरफार वाचतो, इतर हक्कांच्या रकान्यात बोजा आहे काय हे तपासतो. परंतु हाच विचारी मनुष्य तीन-चार लाखांची वापरलेली मोटार घेताना रंगाची चकाकी, आसनांवरची नवी आवरणे आणि "गाडी एक नंबर शे, भाऊ" एवढ्या आश्वासनावर बयाणा देऊन मोकळा होतो. केळीचे किंवा कापसाचे पैसे हाती आलेले असतात, अथवा शिक्षकाने पतसंस्थेतून कर्ज काढलेले असते. गाडी सहा महिन्यांत कारखान्यात उभी राहिली तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

मोटारीलाही सातबारा असतो. नव्या गाडीबरोबर कंपनी एक सर्व्हिस पुस्तिका देते. प्रत्येक देखभालीच्या वेळी तीत दिनांक, गाडीने तोडलेले किलोमीटर आणि कारखान्याचा शिक्का यांची नोंद व्हावी अशी अपेक्षा असते. पुस्तिका हरवली, असे विकणारे पुष्कळदा सांगतात. तेवढ्याने शोध थांबविण्याचे कारण नाही. अधिकृत सर्व्हिस केंद्रे झालेल्या कामाची नोंद गाडीच्या चॅसिस क्रमांकानुसार संगणकावर ठेवतात. ही माहिती मालकाची असल्याने मालकाला बरोबर घेऊन केंद्रावर जावे आणि मागील कामांचा उतारा मागावा. विकणारा यास राजी नसेल, तर त्याचे कारण त्यालाच विचारावे. उत्तरावरून बरेच कळते. गाडीची देखभाल ओळखीच्या मिस्त्रीकडे होत असेल तर त्यात गैर काही नाही. खानदेशात चांगले मिस्त्री आहेत. मात्र तेल, गाळणी, ब्रेकचे पॅड यांच्या पावत्या तरी असावयास हव्यात.

उतारा हाती आल्यावर पहिली नजर किलोमीटरच्या रकान्यावर टाकावी. आकडे वर्षागणिक चढतच गेले पाहिजेत. २०२१ च्या नोंदीत ६२,००० आणि आज तबकडीवर ४८,००० असतील, तर काटा मागे फिरविला गेला हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. उतारा नसल्यास साधा हिशेब करावा. पारोळ्याहून धुळ्यास रोज नोकरीला जाणाऱ्याचे एका बाजूचे अंतर सुमारे ३५ किलोमीटर. जाऊन-येऊन ७०, वर्षाचे २५० दिवस धरले तर १७,५०० आणि पाच वर्षांत ८७,५०० किलोमीटर होतात. अशा मालकाच्या गाडीची तबकडी ३०,००० दाखवीत असेल तर ती तबकडी खोटे बोलते. क्लच व ब्रेकच्या पायटांवरील रबर आणि सुकाणूच्या चाकावरील झीज यांत फेरफार करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची आणि टायर २०२१ चे असतील, तर दोन वर्षांत टायर का बदलावे लागले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

यापुढचा मुद्दा पाण्याचा. खानदेशास पुराची भीती एरवी कमी. पण बाजारात येणारी गाडी खानदेशातच राहिलेली असते असे नाही. आग्रा-मुंबई आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांस छेदतात. त्यामुळे सुरत, मुंबई, इंदूरकडील गाड्या येथे सहज पोहोचतात. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्याच पुराने सुरत बुडाले, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन, सुकवून, चकचकीत करून दूरच्या गावी विकता येते. तिच्या तारा आणि जोडण्या मात्र आतून गंजत राहतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. मळकट पाण्याची रेघ तेथे राहून जाते. पायाखालचा गालिचा उचलावा, आसनांखालच्या लोखंडास हात लावावा, बंद काचांत कुबट वास येतो काय ते पाहावे. इंजिन गावच्या मिस्त्रीने ऐकावे, नाक मात्र स्वतःचे वापरावे!

विम्याचे कागदही बोलके असतात. वर्षभर नुकसानभरपाई न मागणाऱ्या मालकास विमा कंपनी हप्त्यात सवलत देते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षे दावा नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढते. पाच वर्षे जुन्या, सतत एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीत ही सवलत शून्य दिसली, तर मागील वर्षी मोठे काही घडले असण्याचा किंवा विमा मध्येच खंडित झाल्याचा संभव असतो. "गाडीला ओरखडासुद्धा नाही" या दाव्याशी हा कागद ताडून पाहावा.

जळगाव-भुसावळचा उन्हाळा गाडीस फार जाचतो. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा रेडिएटरमधील कूलंट, रबरी नळ्या, बॅटरी यांची परीक्षा होते. काळ्या मातीची धूळ हवेची गाळणी कोंदून टाकते. म्हणून येथील गाडीच्या नोंदींत गाळणी आणि कूलंट बदलल्याचे उल्लेख ठळकपणे शोधावेत. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला बदलला नाही आणि तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

आता सरकारी दप्तर. जळगावच्या गाडीवर १९, धुळ्याच्या गाडीवर १८ आणि नंदुरबारच्या गाडीवर ३९ हा अंक असतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीची तेथील गाडी १८ चीच. नोंदणी पुस्तकावरील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः जुळवावेत. पूर्वी भाड्याने प्रवासी वाहून नंतर खाजगी नोंद झालेली गाडी असेल तर तेही नोंदीत दिसते. बँकेचा तारणबोजा असल्यास बँकेचा दाखला व नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. प्रलंबित ई-चलने वाहन क्रमांकावरून तपासता येतात. गुजरात वा मध्य प्रदेशातील गाडी असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्रात कर भरावा लागतो. स्वस्त वाटणारी गाडी येथे महाग पडते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, हेही किंमत ठरविताना हिशेबात धरावे.

विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावयाची असते. त्यासाठी नमुने २९ व ३० आहेत. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी दलालाच्या हवाली करण्याची सवय मात्र सर्वत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निर्णय दिला. त्यातील गाडी अपघातापूर्वी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे होती. अपघाताच्या भरपाईस नोंदणीकृत मालकच जबाबदार आहे, असे न्यायालयाने ठरविले. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील गुरुजींनी विकून टाकलेल्या गाडीसाठी न्यायाधिकरणाची नोटीस यावी, हे यातून सहज संभवते.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय नियमांत तरतूद झाली आहे. नोंदणी कार्यालयाचे प्राधिकारपत्र घेतलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपविल्याची खबर मालकास ऑनलाइन देता येते. व्यापाऱ्याकडे असे प्राधिकारपत्र आहे काय, हे प्रथम पाहावे.

व्यवहार पुरा होताना ताबापावतीवर दिनांकाबरोबर वेळही लिहावी, तबकडीवरील किलोमीटर लिहावेत आणि दोघांनी सह्या कराव्यात. रक्कम बँकेमार्फत द्यावी. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा; त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण नाव बदलल्याशिवाय मिळत नाही.