बरणीवरची चिठ्ठी

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडींत बसलें म्हणजे टिटवाळ्यानंतर खडवली येतें. भातसा नदीच्या कांठचें हें गांव. अशा गांवीं एखाद्या गृहिणीनें चाळीस बरण्या लोणचें घालून तें परक्याला विकावयाचें मनांत आणलें, तर कैरी, मोहरी आणि तेल यांच्या जोडीला तिला आणखी एका वस्तूची गरज पडते. ती म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. शेजारणीला दिलेल्या बरणीवर कांहीं लिहावें लागत नाहीं. तेथें हात ओळखीचा असतो. बरणी आगगाडींत चढली कीं ती ओळख मागें राहते, आणि तिचें काम त्या चार बोटांच्या कागदाला करावें लागतें.

पूर्वीं अशा चिठ्ठ्या छापखान्यांतून हजारांच्या हिशेबानें आणाव्या लागत आणि खळ लावून डकवाव्या लागत. पाठीवर आधींच डिंक असलेली, सोलून लावावयाची चिठ्ठी अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें स्टॅन्टन अ‍ॅव्हरी यांनीं १९३५ सालीं निघविली. आतां तशा चिठ्ठ्यांचे ताव कागदाच्या दुकानांत मिळतात आणि घरच्या प्रिंटरवर छापतां येतात. यांतला खरा लाभ पैशांपेक्षां तारखेचा आहे. हजार चिठ्ठ्या एकदम छापल्या, तर तारीख हातानें घालावी लागते आणि घाईंत ती राहून जाते. घरीं छापतांना प्रत्येक घाण्याची तारीख बदलणें हें एका ओळीचें काम आहे.

आणि तारीख राहून चालत नाहीं. २००६ सालचा अन्नसुरक्षेचा कायदा २०११ पासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें घरगुती विक्रेत्यालाहि नोंदणी करून चौदा आंकडी क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक, पदार्थाचें नांव, त्यांतील जिन्नस अधिकापासून उण्याकडे, निव्वळ वजन, केल्याची व वापरण्याच्या मुदतीची तारीख, करणाराचें नांव-पत्ता, करांसह कमाल किंमत, आणि शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटींतील हिरवा ठिपका, एवढा संसार त्या लहानशा जागेंत मांडावयाचा असतो. शिवाय हा मजकूर इंग्रजींत किंवा देवनागरी हिंदींत असावा लागतो. मराठी जोडीला चालते, एकटी चालत नाहीं. खडवलीच्या लोणच्यावर खडवलीची भाषा पाहुणी ठरावी, हें चमत्कारिक खरें! तरी पाहुणीला जागा अवश्य द्यावी. मोठ्या अक्षरांत ‘कैरीचें लोणचें’ असें मराठींत छापावें आणि कायद्याचा तपशील त्याखालीं घ्यावा.

नवशिका फसतो तो मापांत. नेहमींचा ताव २१० मिलीमीटर रुंद व २९७ लांब असतो. चोवीस चिठ्ठ्यांच्या तावावर बहुधा आठ ओळी असून प्रत्येक ओळींत तीन चिठ्ठ्या असतात. एकेक सुमारें ६४ बाय ३४ मिलीमीटरांची. संगणकांत मजकूर पानांत आपोआप बसविण्याची जी सोय असते, ती बंद करून शंभर टक्के मापानेंच छापावें. शेंकडा तीनांनीं जरी मजकूर आकसला, तरी सबंध लांबींत जवळजवळ नऊ मिलीमीटरांचा फरक पडतो, आणि किंमत एका चिठ्ठीवर व रुपयाची खूण दुसरीवर जाते. म्हणून प्रथम साध्या कागदावर छापून तो कागद चिठ्ठ्यांच्या तावावर ठेवावा आणि दोन्ही खिडकीच्या उजेडांत धरून पाहावे.

लेझर प्रिंटरांत भुकटी तापलेल्या रुळाखालीं वितळून कागदावर बसते. इंकजेटसाठीं केलेला ताव त्यांत घातल्यास डिंक पाघळून यंत्रांत चिकटतो. अर्धा सोललेला तावहि पुन्हां घालूं नये. काटकसरी गृहिणीच्या हें जिवावर येईल; तिनें उरलेल्या जागीं मेतकुटाच्या चिठ्ठ्या त्याच खेपेस छापून घ्याव्या.

इंकजेटच्या पुष्कळ शाया पाण्यानें फिसकटतात, आणि आषाढांत भातसेच्या कांठीं कोरडें असें कांहीं राहत नाहीं. तेव्हां छापलेले ताव वाळूं द्यावे, उरलेले बंद पिशवींत ठेवावे, आणि बरणीचा तेलकट हात पुसून मगच चिठ्ठी लावावी. एक चिठ्ठी रिकाम्या बरणीस लावून दुसऱ्या दिवशीं तारखेवरून ओलें बोट फिरवून पाहावें. आंकडा पुसट झाला, तर बाकीच्या एकोणचाळीस बरण्या अजून घरांतच आहेत.