नॉर्वेच्या वाटेची शब्द-शिदोरी



वेळणेश्वरच्या समुद्रकाठी वसंत ऋतूत बोलायला उभे राहायचे आणि विषय घ्यायचा नॉर्वेच्या भाषेचा, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. गुहागर-हेदवीच्या वाटेवर कोणी नॉर्वेकर भेटत नाही, हे खरेच. परंतु आता वाट उलटी झाली आहे. कोकणातल्या घराघरांतली मुले शिकून परदेशी जातात. कोणी जहाजावर असतो, कोणी तेलाच्या व्यवसायात, कोणी संगणकाच्या कामात. पुढे तिकडे संसार थाटला जातो, नातवंड होते आणि मग आईवडिलांना बोलावणे येते. तिकिटे हातात पडतात. मुलगा दूरध्वनीवर सांगतो, “काही काळजी करू नका, मी बाहेर उभा असेन.” पण ‘बाहेर’ येईपर्यंत जो तीनचार तासांचा प्रवास विमानतळाच्या आतच करावा लागतो, त्याचे काय? त्या तीनचार तासांची शिदोरी आज आम्ही बांधून देणार आहोत.

येथे एक आक्षेप येईल. नॉर्वेतील लोकांना इंग्रजी उत्तम येते, विमानतळावरच्या पाट्याही दोन्ही भाषांत असतात. मग हा खटाटोप कशाला? आक्षेप खोटा नाही. ज्याला इंग्रजी येते त्याचे कोठेही अडणार नाही. पण आम्ही ज्यांच्याविषयी बोलत आहो त्या माउलीला इंग्रजीही परकेच आहे. तिला दोन्ही भाषा सारख्याच दूर. मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुढे, असा वळसा तिने का घ्यावा? ज्यांच्या दारी जायचे त्यांचेच चार शब्द थेट शिकावेत, हे अधिक सोपे आणि अधिक गोडही.

शिवाय हा थेट रस्ता पूर्वीच एकाने चालून दाखविला आहे, तोही तिकडून इकडे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातला मराठीवरचा सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. त्या खंडाचे काम केले स्टेन कोनो यांनी. हे कोनो (1867–1948) नॉर्वेचे पंडित. पुणेरी मराठीबरोबरच कोकणच्या बोली, आपल्या जिल्ह्यातली संगमेश्वरीसुद्धा, त्यांत नोंदलेल्या आहेत. नॉर्वेच्या एका माणसाने आपल्या कुळवाड्याचे बोलणे कागदावर उतरवावे आणि आपल्याला त्याच्या देशाचे पंचवीस शब्द जड वाटावेत, हे काही आपल्याला शोभणारे नाही.

आता शब्दांकडे वळू. विमानतळाला नॉर्वेजियन भाषेत दोन शब्द आहेत. एक ‘फ्लीप्लास’, म्हणजे उडण्याची जागा. त्यातली ‘फ्ली’ म्हणताना ओठ शिटी वाजवताना करतो तसे गोल करावेत. दुसरा शब्द ‘लुफ्तहाव्न’. ‘लुफ्त’ म्हणजे हवा आणि ‘हाव्न’ म्हणजे बंदर. हवेचे बंदर! दाभोळ-जयगडहून आगबोटीने मुंबईला गेलेल्यांच्या नातवांना हा शब्द समजावून सांगायला नको. तेव्हा पडावातून आगबोटीपर्यंत जायचे आणि मग वर चढायचे. आता हवेच्या बंदरात तेच करायचे. नॉर्वेही आपल्यासारखाच किनाऱ्याचा देश. विमानात चढण्यालाही ते ‘ओम्बूर’, म्हणजे जहाजावर, असेच म्हणतात.

पाट्यांवरचे चार शब्द प्रथम. ‘आवगांग’ म्हणजे निर्गमन. ‘आन्कोम्स्त’ म्हणजे आगमन. त्यातला ‘कोम’ आणि आपल्या आगमनातला ‘गम्’ हे एकाच जुन्या धातूचे वंशज आहेत. ‘इनगांग’ आत जाण्याची वाट आणि ‘ऊतगांग’ बाहेर पडण्याची. हा ‘ऊत’ म्हणजे संस्कृतातल्या ‘उद्’ उपसर्गाचा भाऊच. ‘नोद्ऊतगांग’ दिसले तर ती संकटकाळची वाट समजावी आणि एरवी तिकडे जाऊ नये. फलकावर आपल्या विमानापुढे ‘फोशिंकेत’ आले तर उशीर आहे, बसून घ्यावे. ‘इनस्तिल्त’ आले तर विमान रद्द. मग मात्र उठून खिडकीवर चौकशी करावी.

नाती इतकीच नाहीत. नावाला ते ‘नाव्न’ म्हणतात. “मित नाव्न ॲर” म्हणून पुढे आपले नाव सांगावे, की झाले “माझे नाव अमुक”. दाराला ‘दोर’, आठाला ‘ओत्ते’, नवाला ‘नी’. नकाराला ‘नै’ म्हणतात, आपल्या कोकणी ‘नाय’च्या अगदी जवळ, आणि दोहोंतला ‘न’ एकाच मुळाचा. होकाराला ‘या’. म्हणजे नॉर्वेकर “या, या” म्हणाला तर तो आपल्याला बोलावत नाही, नुसता हो म्हणतो आहे! आभाराला ‘ताक्क’. कोणी ताक्क म्हटले म्हणून पेला पुढे करू नये. आणि निरोप घेताना तो ‘हा दे’ म्हणतो. तो काही मागत नाही. त्याचा अर्थ ‘बरे असा’ एवढाच.

खिडकीचा शब्द तर ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘विंदू’ म्हणजे मुळात ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्या पूर्वजांनी खिडकीला गवाक्ष म्हटले, म्हणजे बैलाचा डोळा. दोन्हीकडच्या माणसांना भिंतीतल्या भोकात डोळाच दिसला. खिडकीजवळची जागा हवी असेल तर “विंदूसप्लास, ताक्क” एवढे पुरते. मागणीच्या शेवटी ‘ताक्क’ जोडले की तीच विनंती होते. पाणी हवे असेल तर “वान, ताक्क”. मांस नको असेल तर “ऊतेन श्योत”, म्हणजे मांसाशिवाय. मासे चालत असतील, आणि या किनाऱ्यावर बहुतेकांना चालतातच, तर ‘फिस्क’ हा शब्द पुरेसा आहे. हातात काही देताना समोरचा ‘वॅश्शोगू’ म्हणेल. त्याचा अर्थ ‘घ्या’.

आता अडचणीच्या वेळची पाच वाक्ये. हीच शिदोरीतली खरी भाकरी.

कोणाला थांबवायचे असेल तर आधी म्हणावे, “उन्शिल”, म्हणजे माफ करा.

“कान दू येल्पे मै?” मला मदत कराल का?

“यै फोश्तोर इक्के.” मला समजत नाही.

“यै स्काल तिल बॅर्गेन.” मला बॅर्गेनला जायचे आहे. गाव बदलले की शेवटचा शब्द बदलावा.

“बागाशेन मीन हार इक्के कोम्मेत.” माझे सामान आलेले नाही.

यातला ‘दू’ म्हणजे आपला ‘तू’, एकाच मुळाचा. आणि गंमत अशी, की ‘तू’ म्हणजे मात्र दोन! हा ‘दू’ आपल्या वडीलधाऱ्या माणसांनी नीट समजून घेतला पाहिजे. आदराचे वेगळे सर्वनाम त्या भाषेत होते, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मागे पडले. आता तेथे शिपाई साहेबाला ‘दू’ म्हणतो आणि विशीतली मुलगी सत्तरीच्या आजोबांनाही ‘दू’ म्हणते. आपल्याकडे नातवाच्या वयाच्या पोराने अरेतुरे केले तर कपाळाला आठी पडते. तेथे ती पडू देऊ नये. त्यांचा आदर सर्वनामात नसतो. तो रांग न मोडण्यात आणि आपले बोलणे संपेपर्यंत थांबण्यात असतो. आपणही निःसंकोच ‘दू’ म्हणावे.

आता पारपत्र आणि जकात. पारपत्राला ‘पास’ म्हणतात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण 2001 पासून शेंगेन व्यवस्थेत सामील आहे. म्हणून कोपनहेगन किंवा फ्रांकफुर्टला विमान बदलणाराचे पारपत्र तेथेच तपासले जाते. जकात मात्र नॉर्वेची स्वतंत्र. तिचा शब्द ‘तोल’, आपल्या टोलनाक्यातल्या टोलचाच सख्खा भाऊ. तेथे हिरवी वाट आणि लाल वाट असते. सांगण्यासारखे काही नसेल तर हिरवी, असेल किंवा शंका असेल तर लाल. येथे आमच्या भगिनींना एक कळकळीची सूचना आहे. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास मनाई आहे. लेकीसाठी कढवलेले तूप आणि नातवासाठी बांधलेले पेढे प्रेमाने भरलेले असतात, पण जकातीच्या माणसाला ते प्रेम वाचता येत नाही. ते घरीच ठेवावेत.

ऑस्लोचा मुख्य विमानतळ 8 ऑक्टोबर 1998 पासून गार्डरमोएन येथे आहे आणि तो शहरापासून चांगला दूर आहे. तेथून शहरात रेल्वे जाते. रेल्वेगाडीला ‘तोग’ म्हणतात. “वूर ॲर तोगे?” म्हणजे गाडी कोठे आहे? ‘वूर ॲर’ म्हणजे ‘कोठे आहे’, एवढे घोकले की पुढे ऊतगांग लावा, बागाशे लावा, काम होते.

हे सगळे पाठ करण्याची सक्ती नाही. एका जाड कागदावर देवनागरीत मोठ्या अक्षरांनी लिहावे, पारपत्राच्या पाकिटात ठेवावे आणि निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज मोठ्याने वाचावे. घरातल्या शाळकरी पोराला समोर बसवून त्याला नॉर्वेकर करावे. उच्चार चुकतील. चुकू द्यावेत. समोरचा माणूस हसेल, पण त्या हसण्यातच तो आपला होतो. परक्या ठिकाणी माणसाला भीती वाटते ती भाषेची नव्हे, आपण मुके झालो याची. ज्या आईने आयुष्यभर चार घरांचा कारभार बोलून सांभाळला, तिला एका फलकासमोर गप्प, खाली मान घालून बसावे लागते, हे आम्हांला पाहवत नाही. ‘उन्शिल’ या एका शब्दाने तिला पुन्हा वाचा येते. तो शब्द तेवढा आज येथून घरी न्यावा, आणि गावात कोणाच्या घरी तिकिटे आली असतील तर त्यांनाही द्यावा.